काका वर गेले, त्याबाबत

नाव : खाली सहीत आहे. जेट्टीवर सगळे 'आत्या' म्हणतात. सख्खी आत्या मी कुणाचीच नाही.
वय : चोपन्न वर्षे.
धंदा : डायव्हिंगच्या सहलींची आखणी.
राहणार : जेट्टीच्या मागची गल्ली, दोरखंडाच्या दुकानाच्या डोक्यावरची खोली.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायाने हजर झाले असून, विचारल्यावरून सांगते ते असे :

मी वर लिहिलेल्या पत्त्यावर एकटीच राहते. पूर्वी मी स्वतः पाण्याखाली गाइड होते. डाव्या कानाचा पडदा गेल्यापासून डॉक्टरांनी पाणी बंद केलं. आता मी जेट्टीवरच्या खोलीत बसते. खोलीत एक टेबल, एक वायरलेस, भिंतीवर बेटाचा नकाशा आणि शेजारी सिलिंडरमध्ये हवा भरणारं मशीन आहे. ते चालू असलं की दुसऱ्या कानानेही नीट ऐकू येत नाही. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या सहली मी ठरवते. बेट गोल आहे, वारा एका वेळी सगळ्या बाजूंनी येत नाही. तो ज्या बाजूला नसेल ती बाजू शोधायची, भरती-ओहोटी बघायची, कुणाला किती खोल न्यायचं ते ठरवायचं, आणि विमानाच्या आधीचा एक पूर्ण दिवस माणसाला कोरडं ठेवायचं. पाण्यातून निघून लगेच विमानात बसलं तर शरीराला धोका असतो. साहेब म्हणाले, हे सगळं प्रकरणाला लागत नाही. कोरड्या दिवसाचं पुढे लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तक्रारदारांना मी 'चिरंजीव' म्हणते, कारण त्यांच्या आईने त्यांची ओळख तशी करून दिली. मुक्कामी आलेल्या कुटुंबात तिघे आहेत. चिरंजीव, त्यांचे वडील म्हणजे काका, आणि आई म्हणजे काकू. काका लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त आहेत. गुडघे दुखतात. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही, तेव्हा त्याची अडचण नव्हती.

चिरंजिवांनी ही सहल कित्येक महिने आखली होती. मी आखणीच्या धंद्यात आहे, पण असली आखणी मी पाहिली नव्हती. त्यांच्या फोनमध्ये प्रत्येक अर्ध्या तासाचा रंग वेगळा होता. नाश्ता हिरवा, समुद्र निळा. आई-वडिलांच्या रकान्यात सगळे दिवस एकच करडा रंग होता आणि त्यावर 'किनाऱ्यावर आराम' असं लिहिलेलं होतं. मी त्यांना म्हटलं, वाऱ्याला तुमचा फोन दिसत नाही. ते म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा." त्यावर मी माझं काम केलं.

पहिल्याच दिवशी काका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "आराम म्हणजे नक्की काय करायचं असतं हो? सकाळपासून करतोय, पण संपतच नाही." मी त्यांना आत बसवलं. त्यांनी नकाशा पाहिला, मशीन पाहिलं, मशीनच्या पट्ट्याला कान लावून तो सैल आहे असं सांगितलं. तो सैल नव्हता. पण हौस दांडगी होती हे माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, चिरंजीव निळ्या रंगात असताना, काका आणि काकू दोघांनी कमरेएवढ्या पाण्यात आमच्या माणसाकडून शिकून घेतलं. काकूंना आधी फक्त टॉवेल धरायचा होता. नंतर टॉवेल माझ्याकडे आला.

प्रकरणाच्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, सहल ठरलेल्या वेळेला निघणार होती. जेट्टीवर चिरंजीव शिंकले. मी विचारलं, "सर्दी आहे का?" ते नाही म्हणाले आणि पुन्हा शिंकले. नाक बंद असेल तर पाण्याखाली कान फुटतात. माझा त्यातला अनुभव कानात आहे. मी त्यांना उतरू दिलं नाही. त्यांनी बराच वाद घातला, फोनमधला निळा रंग दाखवला. मी ऐकलं नाही. एक कान तर मुळातच ऐकत नाही.

होडीत जागा रिकामी झाली. तेव्हा काका पुढे आले आणि त्यांनी खिशातून डॉक्टरांचं तपासणीचं पत्र काढलं. 'समुद्रात डुबकी मारण्यास हरकत नाही' असं त्यावर होतं. ते त्यांनी घरून निघायच्या आधीच करून आणलं होतं आणि कुणालाही दाखवलं नव्हतं. घडी पडून पडून कागद मऊ झाला होता. साहेबांनी पत्राची तारीख विचारली. तारीख बरीच आधीची आहे, चिरंजिवांची आखणी सुरू झाली त्या सुमाराची.

चिरंजीव संतापले. आईला म्हणाले, तुला माहीत होतं का? काकू टॉवेलची घडी करत राहिल्या. मग ते काकांकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जा. खाली जाऊन बसा एकदाचे. म्हणजे आम्ही तरी सुटू."

हे शब्द असेच्या असे होते. ते तेव्हा माझ्या उजवीकडे उभे होते, चांगल्या कानाच्या बाजूला.

काकांनी पत्र पुन्हा खिशात ठेवलं. त्यांनी अंगठा वर केला. काकांना सवय आहे, काहीही झालं तरी अंगठा वर करून 'झकास' म्हणायचं. लिफ्ट दुरुस्त झाली की खालून वरच्या माणसाला असाच दाखवायचो, असं ते सांगतात. मी लगेच त्यांना बाजूला घेऊन बजावलं, "काका, पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मला वर जायचंय'. तिथे तो अर्थ पक्का. छान म्हणायचं असेल तर अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचा. समजलं?" काका म्हणाले, "समजलं," आणि अंगठा वर केला. मी गोल करून घेतला. मग होडी सुटली.

ठिकाण उथळ होतं, वाऱ्याच्या आडोशाचं, नवख्यांना नेतो तेच. काकांसाठी स्वतंत्र गाइड दिला होता. त्याला सगळे 'लंगर' म्हणतात, कारण तो एकदा ज्याच्या शेजारी राहिला त्याला सोडत नाही.

पाण्याखाली जे झालं ते मला लंगरने नंतर सांगितलं. काका मजेत होते. एका खडकाच्या कडेला कासव दिसलं. काका त्याच्याकडे बघत राहिले, मग लंगरकडे वळले आणि आनंदाने दोन्ही अंगठे वर केले. आमच्यात अंगठ्याशी हुज्जत घालत नाहीत. कुणी अंगठा दाखवला की का, कशाला, असलं काही न विचारता त्याला वर न्यायचं, हा नियम आहे. लंगर त्यांना घेऊन निघाला, आणि वर जाताना शरीराला दाबाची सवय व्हावी म्हणून मध्ये तीन मिनिटं दोराला लटकून थांबायचं असतं, तेही त्याने करवून घेतलं. काका मान हलवून नाही-नाही म्हणत होते आणि समजावण्यासाठी पुन्हा पुन्हा अंगठा दाखवत होते. लंगर म्हणतो, एवढ्या निकडीने अंगठा दाखवणारा माणूस त्याने पाहिला नव्हता.

बाकीचे खालीच होते आणि मोठी होडी त्यांच्यासाठी थांबून होती. म्हणून काका आणि लंगर छोट्या होडीत बसले. ती दीपगृहावर पिण्याचं पाणी उतरवून मग जेट्टीला येणार होती. त्या होडीवर वायरलेस नाही.

थोड्या वेळाने मोठ्या होडीवरून आमच्या मुख्य गाइडने वायरलेसवर मला कळवलं, "काका मध्येच वर गेले. लंगर बरोबर गेला. बाकी सगळे व्यवस्थित."

इथे मला एक गोष्ट नोंदवून घ्यायची आहे. आमच्या धंद्यात बोलताना पाण्याखालून बोलतात. होडीतल्या माणसाच्या दृष्टीने माणूस वर येतो, पण जो तळाशी आहे त्याच्या दृष्टीने वर जातो. मी उभी हयात तळाशी काढली. आता खुर्चीवर बसते तरी तोंडात तेच येतं. यात खोटेपणा कुठला आणि कट कुठला, ते मला कळलेलं नाही.

चिरंजिवांनी सकाळीच बजावलं होतं की, रागावलो असलो तरी जे काही होईल ते मला फोन करून कळवा. ते खोलीवर वाफ घेत होते. मी फोन केला. बोलणं जसं झालं तसं सांगते.

मी म्हटलं, "काका वर गेले."

"काय?"

"वर गेले. मध्येच."

 मग म्हणाले, "असं कसं? सकाळी तर ठणठणीत होते."

"ठणठणीत होते म्हणूनच तर पाठवलं."

"त्रास झाला का त्यांना?"

"छे हो! हसत हसत गेले. अंगठा दाखवला आणि निघाले."

"अंगठा दाखवला? कुणाला?"

"लंगरला. आमचा माणूस आहे. तोही त्यांच्याबरोबर गेला."

"तोही गेला?"

"मग? एकट्याला कसं जाऊ देणार? कुणीही वर निघालं की आमचा एकजण सोबत जातोच."

यावर चिरंजिवांनी खुर्ची किंवा काहीतरी पाडलं. मशीन चालू होतं, नक्की सांगता येत नाही. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "लगेच गेले का?"

"लगेच कुणी जात नाही. आधी तीन मिनिटं लटकत थांबावं लागतं. थांबल्याशिवाय आम्ही कुणाला वर जाऊ देत नाही. तुम्ही जेट्टीवर या त्यांना घ्यायला. येताना कपडे आणा."

"कुठले कपडे?"

"कुठलेही. कोरडे."

फोन बंद झाला. मला वाटलं, सर्दीने बेजार आहेत.

साहेबांनी विचारलं की, 'वर गेले' याचा लोकांत काय अर्थ होतो हे मला ठाऊक नव्हतं का. ठाऊक आहे. माझे आईवडील दोघेही वर गेलेले आहेत. पण कामाच्या खोलीत तो शब्द कामाचा असतो.

चिरंजीव धावतच जेट्टीवर आले. एका पायात चप्पल होती. हातात वडिलांचा नवा सदरा होता, घडी न मोडलेला. मागून काकू चालत आल्या, त्यांच्या नेहमीच्या चालीने. चिरंजिवांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते मला काही विचारेनात, मला काही सांगू देईनात. दोरखंडाच्या दुकानदाराला धरून म्हणू लागले, "शेवटचं काय बोललो मी त्यांना? तुम्ही ऐकलंत ना? काय बोललो मी?" दुकानदाराने ऐकलं नव्हतं. मग त्यांनी ते स्वतःच सांगितलं. त्याला सांगितलं, होडीवाल्याला सांगितलं, बर्फवाल्याला सांगितलं. गर्दी जमली. "आराम करा म्हणालो. चार दिवस नुसता आराम करा म्हणालो," असं म्हणून ते सदऱ्यात तोंड घालून रडू लागले.

मी काकूंना विचारलं, झालं तरी काय. काकू दोर बांधायच्या खुंटावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "हा म्हणतो, हे गेले. मला नाही पटत. मला सांगितल्याशिवाय हे कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाहीत. तुम्ही नीट चौकशी करा." त्यांचा आवाज स्थिर होता. टॉवेल मात्र त्यांनी दोन्ही हातांनी पिळत धरला होता, आणि तो कोरडा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ओरडून सांगायला तोंड उघडलं, तोच छोटी होडी मागच्या पायऱ्यांना लागली. काका पायऱ्या चढून, कुठला शब्द वापरावा कळत नाही, आमच्यात सामील झाले. अंगात ओला पोशाख होता. गर्दी पाहून त्यांनी बर्फवाल्याला विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

बर्फवाला म्हणाला, "एक म्हातारे होते हो. हौसेपायी गेले. मुलगा बघा कसा रडतोय बिचारा."

"अरेरे," काका म्हणाले, आणि टाचा उंचावून मुलगा कोण ते पाहू लागले.

त्यांनी पाहिलं. चिरंजीव तेव्हा पुन्हा तेच वाक्य सांगत होते, खाली जाऊन बसा एकदाचे. काकांचा चेहरा मला समोरून दिसत होता. साहेब म्हणाले, चेहऱ्याचं जबाबात घेता येत नाही. मग एवढंच घ्यावं, की काकांनी लगेच हाक मारली नाही. ते गर्दीच्या मागे उभे राहिले आणि ऐकत राहिले. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मीही हाक मारली नाही. का नाही, ते विचारू नये.

त्यांना आधी काकूंनी पाहिलं. म्हणाल्या, "आधी ते ओलं काढा. सर्दी व्हायची." मग त्या रडल्या.

काका त्यांना म्हणाले, "अगं, कासव होतं! एवढं मोठं. मी झकास म्हटलं, तर यांनी मला उचलून आणलं."

डोळे पुसून काकू माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "उद्या जागा आहे का? मला बघायचंय ते." जागा होती. उद्याच जाता येईल, कारण परवा कोरडा दिवस आणि त्यानंतर विमान. काका म्हणाले, तिला एकटीला नको, मीही येतो. मी दोघांना होडीत धरलं.

चिरंजिवांनी वडिलांना पाहिलं तेव्हा आधी मिठी मारली, मग ओरडले, मग मिठी मारल्याचाही राग आल्यासारखे बाजूला झाले. काका त्यांना रागावले नाहीत. ते वाक्य आपल्या कानावर आलंच नाही असं दाखवून कासवाचं सांगत राहिले. वडील रागावले असते तर माफी मागता आली असती. ते रागावले नाहीत, म्हणून चिरंजीव इथे येऊन माझ्याविरुद्ध तक्रार देऊन बसले, असं माझं म्हणणं आहे. साहेब म्हणाले, हा अंदाज झाला. बरं, अंदाज.

तक्रारीत लिहिलं आहे की, मी जाणूनबुजून मृत्यूची खोटी बातमी दिली. हे मला मान्य नाही. काका गेले असं मी म्हटलंच नाही, वर गेले असं म्हटलं, आणि ते गेले होते. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत माझ्या होड्या बंद ठेवायला सांगितलं आहे. निकाल आज लागला नाही तर काकूंचं कासव राहील. माझ्यावर कारवाई करायची असेल तर परवा करावी.

हे ठाणे पहिल्या मजल्यावर आहे. चिरंजीव इथेच दाराजवळच्या बाकावर बसले आहेत. गुडघ्यांमुळे काका आणि काकू खाली अंगणातल्या कट्ट्यावर थांबले आहेत. या इमारतीत लिफ्ट नाही. जिन्याशेजारी तिला जागा आहे, असं काकांनी येताच सांगितलं. जेट्टीवरून निघाल्यापासून बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत.

एवढा जबाब झाल्यावर हवालदारांनी तो मला वाचून दाखवला. माझा एक कान गेलेला असल्यामुळे त्यांना मोठ्याने वाचावं लागलं आणि खिडकी उघडी होती. वाचताना जे घडलं ते माझ्या आग्रहावरून इथे जोडलं आहे.

हवालदार सगळं एकाच सुरात वाचतात. 'खाली जाऊन बसा एकदाचे, म्हणजे आम्ही तरी सुटू' हेही त्यांनी त्याच सुरात वाचलं. चिरंजीव बाकावरून उठले. म्हणाले, "तेवढं वाक्य काढा."

साहेब म्हणाले, "जबाब बाईंचा आहे. बाई म्हणतील तर काढतो."

मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात ना तसं? मग मी कशी काढू? ज्यांना म्हणालात ते खाली बसलेत. त्यांना विचारा."

चिरंजीव खिडकीपाशी गेले. काका मान वर करून खिडकीकडेच बघत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि आता ऐकलं नाही असं दाखवायची सोय उरली नव्हती. चिरंजीव खिडकीपासून मागे सरले. ते दाराकडे गेले, जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, कठड्याला धरलं. हवालदारांनी वाचायचं थांबवलं. 

मग चिरंजीव म्हणाले, "बाबा, चुकलो मी. वर या ना."

खालून काकूंचा आवाज आला, "सावकाश हं. मध्ये थांबत थांबत जा."

पायांचा आवाज आला. मधल्या वळणावर तो थांबला. चिरंजीव दोन पायऱ्या उतरले. मी म्हटलं, थांबू द्या, तिथे थांबावंच लागतं. मग आवाज पुन्हा सुरू झाला.

तक्रारीचं काय करायचं ते चिरंजीव आणि साहेब ठरवतील. उद्या सकाळी वारा पश्चिमेचा आहे, पूर्वेची बाजू शांत राहील, एवढं मी सांगू शकते.

वाचून दाखवलेलं सगळं मी एका कानाने पण पूर्ण ऐकलं आहे. त्यातलं एकही वाक्य काढलेलं नाही. अंगठा न देता मी सही करत आहे, कारण या प्रकरणात अंगठ्याने पुरेसं केलं आहे. सही करण्यापूर्वी एकच ओळ मी हवालदारांकडून दोनदा तपासून घेतली. काका वर आले. 'आले' असंच लिहिलेलं आहे, आणि ते खरं आहे.